इलॅस्टिक गेलं म्हणजे काय गेलं?

पेणकरपाड्यातल्या आमच्या मंगळवारच्या बैठकीत एक बाई बराच वेळ गप्प बसून होती. वय चौतीस. तीन बाळंतपणं झालेली, मीरा रोडच्या टॉवरमध्ये पाच घरची लादी आणि भांडी करणारी. बाकीच्या उठून गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, माझं अंग बाहेर येतंय. डॉक्टर म्हणाले, आतलं इलॅस्टिक गेलंय, पिशवी काढून टाका." मग जरा थांबून तिनेच विचारलं, "पोराच्या चड्डीचं इलॅस्टिक गेलं तर आपण नवीन ओवतो. चड्डी फेकून थोडीच देतो?"

मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं चळवळीत काढली, हुंड्यावर बोललो, मारहाणीवर बोललो, गर्भलिंग तपासणीवर मोर्चे काढले. पण बाईच्या शरीरात गर्भाशय कशाच्या आधारावर राहतं आणि तो आधार जातो म्हणजे नक्की काय होतं, हे मला धड माहीत नव्हतं. म्हणून एका डॉक्टर मैत्रिणीला गाठलं, तिच्याकडून पुस्तकं आणली, शंका विचारून तिला भंडावून सोडलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे, कारण मला वाटतं की त्यात आपल्या कामाचं बरंच काही आहे.

आधी दुखण्याबद्दल. अंग बाहेर येणं, मायांग पडणं, पिशवी खाली उतरणं अशी त्याला नावं अनेक, पण एकही चारचौघांत उच्चारायचं नाही. बाई आतून कापड दाबून धरते, बसताना सावरून बसते, लघवी नीट होत नाही म्हणून पाणी कमी पिते. शिंक आली तरी धास्ती. नवऱ्याला सांगायची लाज आणि सासूला सांगावं तर "आम्हाला नाही झालं का?" हे ठरलेलं उत्तर. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या शंभरात फक्त ८. त्या आकड्याने जगभरचे तज्ज्ञ हादरले. आपल्या बायका हादरल्या नसत्या, त्यांना ते घरातूनच ठाऊक होतं.

आता इलॅस्टिककडे येते. गर्भाशय, लघवीची पिशवी आणि गुदाशय हे ओटीपोटाच्या तळाशी एका झोळीत ठेवल्यासारखे असतात. झोळी स्नायूंची. वरून आणि बाजूंनी त्यांना धरून ठेवणारे बंध आणि पडदे असतात, शाळेच्या पुस्तकात ज्याला संयोजी ऊती म्हणतात त्याचे. या ऊतीत दोन तऱ्हेचे धागे मुख्य. एक कोलॅजेनचा, सुतळीसारखा, तुटू न देणारा. दुसरा लवचीक धागा, ताणला की परत मूळ जागी येणारा. त्याचा गाभा इलॅस्टिन नावाच्या प्रथिनाचा आणि भोवती फायब्रिलिनच्या अतिशय बारीक तंतूंचं वेष्टण. फुप्फुसं श्वासागणिक फुगून परत बसतात, रक्तवाहिन्या ठोक्यागणिक ताणून परत येतात, ते याच धाग्यामुळे.

इथपर्यंत डॉक्टरचं बोलणं बरोबरच आहे. पण 'इलॅस्टिक' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेलेली वस्तू येते. बाजारातून आणली, वापरली, सैल पडली, संपली. शरीरातला धागा तसा नाही. त्याच्या शेजारी फायब्रोब्लास्ट नावाच्या जिवंत पेशी बसलेल्या असतात आणि त्या त्या धाग्याशी सतत देवाणघेवाण करत असतात. मला सगळ्यात जास्त चकित केलं ते या भागाने.

धागा पेशीच बनवते. कच्चं इलॅस्टिन ती आपल्या पोटात तयार करते आणि बाहेर सोडते. त्याचे बारीक गोळे आधी पेशीच्या अंगावरच जमतात. मग ते फायब्रिलिनच्या तंतूंच्या सांगाड्यावर नेऊन बसवले जातात. नुसते बसवून भागत नाही, ते एकमेकांत पक्के अडकवावे लागतात. हे टाके घालण्याचं काम लायसिल ऑक्सिडेज या कुळातली विकरं करतात, त्यांना तांबं लागतं. (म्हणून तांब्याच्या लोट्यातलं पाणी पिऊन अंग जागेवर येतं असं कोणी विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. रोजच्या जेवणात तीळ, शेंगदाणे, डाळी असल्या की पुरेसं तांबं मिळतं. मात्र ते जेवण बाईच्या ताटात पडतं का, हा प्रश्न खराच आहे.) फायब्युलिन ५ नावाचं आणखी एक प्रथिन असतं. ते एकीकडे इलॅस्टिनला धरतं आणि दुसरीकडे पेशीच्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन नावाच्या आकड्यांना. म्हणजे पेशी धागा बनवून सोडून देत नाही, तो हातात धरून बसते.

आणि धरून बसते म्हणून तिला कळतं. धाग्यावर ताण आला की तो आकड्यांतून पेशीच्या आत पोचतो आणि त्यावरून पेशी ठरवते की काय बनवायचं, काय थांबवायचं. बेताचा ताण असला तर ती बांधणी करते. ताण फार झाला, फार वेळ राहिला, तर धागे तोडणारी विकरं वाढतात. तुटलेल्या इलॅस्टिनचे तुकडेही नुसते पडून राहत नाहीत, पेशी त्यांना संदेश म्हणून वाचते आणि त्यातून तोडणारी विकरं आणखी वाढू शकतात. सुटा धागा ओढला की विण उसवत जाते, तसंच.

शरीराच्या बहुतेक भागांत हे इलॅस्टिन आईच्या पोटात आणि लहानपणी तयार होतं आणि तेच जन्मभर पुरवायचं असतं. मोठेपणी फुप्फुसात किंवा रक्तवाहिनीत नवीन फारसं बनत नाही. याला मोठा अपवाद आहे बाईच्या जननमार्गाचा. बाळंतपणात योनीमार्ग, गर्भाशयाचं मुख आणि भोवतालचे बंध इतके ताणावे लागतात की जुनी वीण मुद्दाम सैल केली जाते, धागे तोडले जातात. आणि मूल झाल्यावर त्याच पेशी पुन्हा धागे घालायला बसतात. शरीरात दुसरीकडे जवळजवळ थांबलेलं काम इथे दर बाळंतपणानंतर नव्याने होतं.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मघाशी सांगितलेल्या टाके घालणाऱ्या विकरांपैकी एक, लॉक्सएल १, या उंदरांमध्ये नव्हतं. माद्यांची बाळंतपणं झाली, पण नंतर जननमार्गात नवे लवचीक धागे नीट बसले नाहीत आणि त्यांचं अंग बाहेर आलं. पुढे २००७ मध्ये फायब्युलिन ५ नसलेल्या माद्यांमध्येही तेच दिसलं, तिथे तर व्यायलीच पाहिजे असंही नव्हतं. मग २०११ च्या एका अभ्यासात कळलं की फायब्युलिन ५ नसेल तर धागा नीट बांधला जात नाही, शिवाय धागे तोडणारं एक विकर मोकाट सुटतं. ते विकर अंग बाहेर आलेल्या बायकांच्या ऊतीतही वाढलेलं आढळलं.

उंदीर चार पायांवर चालतो. डोक्यावर हंडा घेऊन तिसरा मजला चढत नाही, दुसऱ्याच्या घरची लादी उकिडवं बसून पुसत नाही. तेव्हा उंदराचं सगळं बाईला लागू करायचं नाही, एवढी अक्कल आपल्याला आहे. बायकांमध्ये अंग बाहेर येण्यामागे इतरही कारणं असतात. बाळंतपणात झोळीचा स्नायूच फाटतो किंवा सुटतो, नसा दुखावतात, जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ असतं, पाळी गेल्यावर ऊती पातळ होतात, काहींच्या घराण्यातच धागा नाजूक असतो. पण एक गोष्ट मला या सगळ्यातून स्वच्छ दिसली. बाळंतपणात वीण उसवणं हा बिघाड नाही, ते ठरलेलंच आहे. ती परत घातली जाते की नाही, हा प्रश्न आहे. आणि घालणाऱ्या पेशीला त्या दिवसांत अन्न लागतं, वेळ लागतो आणि न पेलणारा ताण नको असतो.

आता त्या चौतीस वर्षांच्या बाईला विचारलं, तिसऱ्या खेपेला कधी कामावर गेलीस? "अठराव्या दिवशी. बदली बाई ठेवली तर तीच कायम होते ना." आमच्या पाड्यात इमिटेशन दागिन्यांचं काम घरी आणणाऱ्या बायका आहेत, भाईंदरच्या स्टीलच्या गाळ्यांत जाणाऱ्या आहेत, मूळच्या आगरी घरांतल्या आहेत, कोकणातून आणि मराठवाड्यातून आलेल्या आहेत. बैठकीत एकेकीला विचारलं. कोणी पंधरवड्यात उठली होती, कोणी महिन्यात. पाण्याच्या कळशा तर बहुतेकींनी आठवड्यातच उचलल्या होत्या, कारण त्या 'काम' या सदरात धरल्याच नव्हत्या!

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर ठेवायला मालकाला बंदी केली. २०१७ मध्ये पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. सहा आठवड्यांची बंदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतलेली आहे. ज्यांनी यासाठी लढा दिला त्यांना सलामच करते. पण पाच घरी लादी पुसणारीचा मालक कोण? डझनाच्या हिशेबाने मणी ओवणारीला सव्वीस आठवडे कोण देणार? मातृवंदना योजनेत पहिल्या मुलाला पाच हजार रुपये मिळतात, तेही हप्त्याने. तेवढ्यात कोणती बाई सहा आठवडे घरी बसेल, हे योजना आखणाऱ्यांनी एकदा पेणकरपाड्यात येऊन सांगावं.

इथे आपल्याकडेही थोडं बोट करते. सव्वा महिन्याच्या बाळंतिणीच्या खोलीवर आपण खूप टीका केली. विटाळ, अंधारी खोली, वेगळं ताट, शिवाशिव. ती टीका बरोबरच होती, आजही करीन. पण त्या खोलीत एक गोष्ट होती, ती म्हणजे कोणी बाईला हंडा उचलायला सांगत नव्हतं. तीही सगळ्यांना नव्हती. शेतमजुरी करणाऱ्या, दलित आणि आदिवासी बायकांना सव्वा महिना कधीच परवडला नाही, त्या चौथ्या-पाचव्या दिवशी रानात गेल्या. म्हणजे विटाळ सगळ्यांच्या वाट्याला आला आणि विश्रांती मात्र जातीप्रमाणे, जमिनीप्रमाणे वाटली गेली. आपण विटाळ मोडायला निघालो हे चांगलंच केलं. विश्रांती मागायची राहिली. शिबिरांत "बाळंतपण म्हणजे आजार नव्हे" असं मी स्वतः कितीदा तरी सांगितलं आहे. आजार नव्हे हे खरं, पण उसवलेली वीण पुन्हा घालायचं काम आहे, हे मी तेव्हा सांगत नव्हते.

आता 'सैल' या शब्दाबद्दल. मराठीत सैल बाई म्हणजे काय ते सांगायला नको. शरीराच्या दुखण्याला चारित्र्याचा शब्द चिकटला की बाजाराला संधी मिळतेच. २०१२ मध्ये मुंबईतल्या एका कंपनीने 'एटीन अगेन' नावाचं जेल बाजारात आणलं, योनी घट्ट करून बाईला पुन्हा अठरा वर्षांची करणारं. जाहिरातीत साडी नेसलेली गृहिणी नाचत होती. वरून लावायच्या जेलने पेशी आणि धाग्यांची ही सगळी गुंतागुंत कशी दुरुस्त होणार? आणि घट्ट कोणासाठी? त्या जाहिरातीतल्या बाईला लघवी अडते का, ओझं उचलताना खाली काही उतरतं का, हे कोणी विचारलं नव्हतं. पुढे लेझरने 'नवयौवन' देणारी दुकानं निघाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला, भाजणं, व्रण आणि कायमची वेदना होऊ शकते म्हणून. आपल्या शहरांतल्या फलकांवरून ते काही उतरलेले नाहीत.

प्लास्टिकच्या जाळीची गोष्ट याहून वाईट. उतरलेलं अंग उचलून धरायला योनीमार्गातून पॉलिप्रॉपिलिनची जाळी बसवण्याची शस्त्रक्रिया परदेशात धडाक्याने झाली. विचार हाच की, इलॅस्टिक गेलं ना, मग दुसरं बसवा. पण पेशी काही मुकी भिंत नाही. काही बायकांच्या शरीराने त्या उपऱ्या धाग्याशी झुंज मांडली, भोवती सूज आली, घट्ट व्रण झाले, जाळी आकसली, कुठे योनीतून बाहेर डोकावली. बायका सांगत राहिल्या आणि त्यांना "तुमच्या मनाचं दुखणं" म्हणून परत पाठवलं गेलं. ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये हा वापर थांबवला, अमेरिकेने २०१९ मध्ये विक्री बंद करायला लावली. ब्रिटनमध्ये २०२० साली बॅरोनेस कंबरलेज यांच्या चौकशीचा अहवाल आला, त्यात बायकांचं म्हणणं ऐकलंच गेलं नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. हा अहवाल आपसूक आलेला नाही, त्यामागे दुखणं सोसणाऱ्या बायकांच्या संघटना होत्या.

आपल्याकडे मात्र वेगळीच परंपरा होती, आणि मुंबईतलीच. आपल्या बायकांचं अंग तरुणपणीच बाहेर येतं, त्यांना अजून मूल हवं असतं, हे ओळखून शिरोड्याचे विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भाशय न काढता ते उचलून बांधण्याची शस्त्रक्रिया बसवली. पुरंदरे यांच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी पद्धत आहे, तीत पोटाच्या स्नायूंवरच्या पडद्याची, म्हणजे बाईच्या स्वतःच्याच ऊतीची पट्टी वापरून गर्भाशयाला आधार देतात. पुढे त्यात कृत्रिम फितीही आल्या. प्रत्येकीला या शस्त्रक्रिया लागू पडतात असं नाही. पण "चड्डी फेकून थोडीच देतो" हा प्रश्न या डॉक्टरांनी फार पूर्वीच विचारला होता. मग आज चौतीस वर्षांच्या बाईला पहिलाच सल्ला पिशवी काढायचा का मिळावा?

का मिळतो ते बीडने दाखवलं आहे. ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जातात याचा गवगवा २०१९ मध्ये झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे खाडा पडायला नको, खाड्याचा दंड बसायला नको, दवाखान्याला कमाई हवी, सगळ्यांचं जमलं. ओझं वाहून दुखणं आलं आणि ओझं वाहता यावं म्हणून पिशवी गेली. लक्षात घ्या, गर्भाशय काढल्याने आधार दुरुस्त होत नाही. बंध नीट टाचून घेतले नाहीत तर पुढे योनीमार्गाचा वरचा भाग खाली येऊ शकतो. सोबत बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचे त्रास एकदम अंगावर येतात, हाडं आणि ऊती लवकर झिजतात. काही जणींना पिशवी काढणं खरोखर गरजेचं असतं, हे मान्य आहे. पण ते तपासून, दुसरं मत घेऊन, बाईला सगळं सांगून व्हावं. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक पिशव्या काढण्याबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समितीची तरतूद आहे. आपल्या ठाणे जिल्ह्यात ती कधी बसते, काय तपासते, हे आपण माहितीच्या अधिकारात विचारायला हवं. अर्ज मी लिहायला घेतला आहे, सह्यांना या.

नेपाळच्या बायका आपल्या पुढे गेल्या आहेत. तिथे या दुखण्याचं प्रमाण फार, आणि बाळंतपणानंतर लगेच डोंगरात ओझी वाहण्याशी त्याचा संबंध कार्यकर्त्यांनी लावून धरला. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अंग बाहेर येण्याची ही परिस्थिती म्हणजे स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याच्या हक्काचं उल्लंघन आहे असं म्हटलं, सरकारला कायदा करायला आणि मोफत सेवा द्यायला सांगितलं. एका 'लाजेच्या' दुखण्याला त्यांनी हक्काच्या भाषेत आणलं. आपण अजून त्याचं नाव घेताना आवाज खाली करतो.

त्या बाईचं सांगायचं राहिलं. माझ्या डॉक्टर मैत्रिणीने तिला तपासलं. तिचं अंग मधल्या पायरीवरचं निघालं, शस्त्रक्रियेची घाई नव्हती. आत बसवायची रिंग दिली, ती काढायची, धुवायची आणि परत बसवायची कशी ते दाखवलं. झोळीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले. लघवी अडवल्यासारखं आत ओढून धरायचं, सोडायचं, दिवसातून तीनदा. हे व्यायाम नीट शिकून महिनोन्‌महिने केले तर त्रास कमी होतो, हे तपासून झालेलं आहे. फाटलेला धागा त्याने उगवत नाही, पण झोळी मजबूत झाली की धाग्यावरचा भार हलका होतो. ओझं उचलू नको असंही सांगितलं. ती हसली. म्हणाली, "रिंग जमेल, व्यायाम जमेल. ओझ्याचं तुम्ही माझ्या घरी येऊन सांगा."

गेल्या रविवारी आम्ही तिघी गेलो. नवरा होता, सासू होती, पंधरा वर्षांचा मुलगा होता. मी वहीवर झोळी काढून दाखवली, धागे काढले, धागा धरून बसलेली पेशी काढली. सासू बराच वेळ चित्राकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "माझं वीस वर्षं असंच आहे." नवऱ्याने मान खाली घातली. कळशा आता मुलगा वर नेतो. सासूला पुढच्या मंगळवारी तपासणीला नेणार आहोत, तिच्याबरोबर त्याच बोळातल्या आणखी चौघी येणार म्हणाल्या आहेत.